ताप, लोह आणि कालवं

वर एका सदस्यांनी विचारलंय, की तापात रक्ततपासणीत लोह कमी आलं, तर लगेच गोळ्या सुरू करायच्या का. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जंतुसंसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवतं आणि शरीर लोह मुद्दाम पेशींत कोंडून ठेवतं, कारण जंतूंनाही वाढायला तेच हवं असतं.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. ई. कोलाय एन्टेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो आणि तो आपल्या ट्रान्सफेरिनकडचं (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाकडचं) लोह हिसकावतो. मग आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडून तो रेणूच पकडतात. त्यावर साल्मोनेलाने काय करावं? त्याच रेणूला साखर जोडली, की लिपोकॅलिनला तो धरताच येत नाही! गोनोरियाचा जंतू तर थेट ट्रान्सफेरिनलाच चिकटतो. या कुरघोडीचं मला फार नवल वाटतं.

आपल्या गोव्यात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू कोमट, मचूळ पाण्यात राहतो आणि कालवांत साठतो. यकृताचा जुना आजार किंवा शरीरात लोहाचा अतिसाठा असेल, तर त्याला लोह आयतंच मिळतं आणि प्रकरण एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. अशा माणसांनी मांडवी-जुवारीची कालवं नीट शिजवूनच खावीत. लिंबू पिळून कच्ची अजिबात नकोत, लिंबाने हा जंतू मरत नाही. पायाला जखम असेल तर खाडीतही उतरू नये.