मदत हवी आहे : शहर बससेवा सुधारण्यासाठी काम करून पोट भरता येतं का?

मंडळी, मी सिव्हिल डिप्लोमावाला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नोकरी. सुट्टीच्या दिवशी गंगावेश आणि मध्यवर्ती बसस्थानकापाशी केएमटीच्या (महापालिकेच्या परिवहन सेवेच्या) बसेसची वारंवारिता नोंदवतो. गोकुळ शिरगावला शिफ्टला जाणारे, विद्यापीठातली पोरं यांच्याशी बोलून मार्गवार टिपणं केली आहेत. माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्जही केले, ३० दिवसांत उत्तरं आली. त्यातले फेऱ्यांचे आकडे एक्सेलमध्ये आहेत. नगरसेवकांना निवेदन देऊन झालं. (चहा मिळाला.)

आता हेच काम पूर्णवेळ करायचं आहे. २००६ चं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देतं, ते वाचलंय. पुण्यात ‘परिसर’सारखी संस्था या विषयावर काम करते, तेही माहीत आहे. पण तिथे ईमेल टाकण्याआधी आपली तयारी किती हवी, हे कळेना.

अडचणी सांगतो. आई-वडील इथेच, त्यामुळे कोल्हापूर सोडता येणार नाही. महिन्यातून दोन-तीनदा पुणे-मुंबई जमेल. मराठी लिखाण बरं, इंग्रजी अहवाल वाचतो पण लिहिताना अडखळतो. दोन वर्षं पूर्णवेळ शिकणं परवडणार नाही. ‘आधी निवडणूक लढव’ हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो.

या क्षेत्रात काम केलेल्यांना दोनच गोष्टी विचारतो : डिप्लोमावाल्याला घेताना संस्था पदवी बघतात की असा गोळा केलेला डेटा, आणि कोल्हापुरात राहून पगारी काम कुणी देतं का?