मदत हवी आहे: ईसीएचएस, वडिलांची अँजिओग्राफी आणि आईचं अडकलेलं कार्ड

नमस्कार मंडळी. वडील तोफखान्यातून १९९३ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता वय ७६, मुक्काम निफाड तालुक्यात, मळ्यात. १९९६ च्या आधीचे पेन्शनर म्हणून ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) वर्गणी भरावी लागली नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या देवळालीच्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. (ते अजून त्याला एमआय रूमच म्हणतात, म्हणजे पलटणीतला दवाखाना. डॉक्टरांपुढे ताठ उभे राहतात आणि छातीत दुखतंय हे सोडून बाकी सगळं सांगतात.)

मध्यंतरी पॉलिक्लिनिकचं रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) घेऊन नाशिकच्या एका पॅनलवरच्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात गेलो. अँजिओग्राफी सांगितली. काउंटरवर म्हणाले, ईसीएचएसचे पैसे फार उशिरा येतात, आधी डिपॉझिट भरा. वडिलांनी लगेच पाकीट काढलं, मी हात धरला. असं डिपॉझिट मागता येतं का?

दुसरं, रात्री-अपरात्री त्रास झाला तर रेफरल आणायचं कुठून? गावाजवळचं हॉस्पिटल पॅनलवर नाही.

तिसरं, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. त्यावरून तिचं नवं कार्ड अडलंय.

प्रतिसाद १
डिपॉझिट अजिबात भरू नका. रेफरल असेल तर पॅनलवर उपचार कॅशलेस. नकार देत असतील तर तसं लिहून मागा, बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. नाहीच बदलला तर पॉलिक्लिनिकच्या ओआयसींकडे (प्रभारी अधिकाऱ्यांकडे) लेखी तक्रार करा.

इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. पॅनलवरच्या हॉस्पिटलात थेट न्या, कार्ड दाखवा, ऑनलाइन कळवायचं काम त्यांचं. पॅनलबाहेर नेलंत तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. बिल आधी आपण भरायचं, नंतर सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने परतावा. म्हणजे पूर्ण रक्कम परत येईलच असं धरू नका. इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी आणि तपशीलवार बिलं तिथून निघतानाच घ्या. पण छातीचं दुखणं असेल तर पॅनल बघत बसू नका, जवळ असेल तिथे न्या.

आईंच्या नावासाठी रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) अर्ज लागेल. तुमचं बरं आहे, तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिकरोड कॅम्पातच. आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीवाले, आम्हाला बेळगाव गाठावं लागतं.

प्रतिसाद २
अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून मग पाठवा. आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, शिक्के मारायला जागा राहत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काका, लॅमिनेशन वडिलांनी मागेच करून ठेवलंय! आता नावाच्या प्रतिज्ञापत्राला नोटरी चालते की मॅजिस्ट्रेटसमोरच करावं लागतं? कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा, सोमवारी कॅम्पात जातोय.