मदत हवी आहे: तंबोऱ्याच्या वेबसाइटसाठी चांगल्या बॅकलिंक कशा मिळवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं घरचं काम आहे. वडील आणि काका सतार-तंबोरे घडवतात, मी हिशेब, पार्सल आणि वेबसाइट बघतो. गावात ओळख सांगावी लागत नाही, पण परगावचा आणि त्याहून जास्त परदेशातला शिकणारा आम्हाला गूगलवरूनच सापडतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत 'मिरज तंबोरा' शोधलं की आम्ही पहिल्या पानावर असायचो. आता तिसऱ्या पानावर आहोत. तिसऱ्या पानापर्यंत जातं कोण? चौकशीचे फोन निम्म्यावर आलेत.

मधल्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. एका एजन्सीला १८,००० रुपये देऊन ५०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक, घेतल्या. नंतर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) पाहिलं तर लिंक देणाऱ्या साइट कसल्या, तर जुगाराच्या, औषधांच्या, काहींची भाषाही कळेना. सगळीकडे अँकर टेक्स्ट (लिंकवर दिसणारे शब्द) एकच, 'स्वस्त तानपुरा ऑनलाइन'. आमचा तंबोरा स्वस्त नसतो. पंढरपूरकडचा भोपळा आणून, वाळवून, त्यावर महिनोन्‌महिने काम होतं. ते शब्द आमच्या नावाशी जोडलेले पाहून वडिलांना फार वाईट वाटलं, मलाही. मॅन्युअल अॅक्शनच्या पानावर (नियम मोडल्याबद्दल गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई तिथे दिसते) मात्र काही दोष दाखवत नाही. त्याच सुमारास साइटही नवीन करून घेतली होती, मोबाइलवर नीट दिसावी म्हणून.

मला विचारायचंय ते असं. या ५०० लिंक डिसअव्हाऊ कराव्यात का, म्हणजे त्या धरू नका असं गूगलला कळवावं का? आणि खऱ्या लिंक कुठून आणायच्या? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा बातम्या खूप आल्या, पण त्यातून आमच्या साइटकडे एकही लिंक आली नाही. एक मित्र म्हणतो, जुन्या गिऱ्हाइकांना दुरुस्तीत सूट दे आणि त्यांच्या साइटवर लिंक टाकायला सांग. हे चालतं का? यूट्यूबवर काकांचे जवारी लावतानाचे (तारेचा गुंजणारा नाद जुळवतानाचे) व्हिडिओ आहेत, खाली साइटचा पत्ता दिलाय, त्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १

डिसअव्हाऊची घाई करू नका. गूगल स्वतः सांगतं की अशा लिंक मोठ्या संख्येने असतील आणि त्यामुळे मॅन्युअल अॅक्शन झाली असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तरच ते वापरा. २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचं अपडेट आलं तेव्हा वाईट लिंकांमुळे साइट खाली ढकलल्या जायच्या. २०१६ पासून गूगल बहुतेक वेळा अशा लिंक मोजतच नाही. एजन्सीला आधी काढून टाकायला सांगा, आणि पुन्हा विकत घेऊ नका.

सूट देऊन लिंक घेणं म्हणजे विकतच घेणं. गूगलच्या नियमात वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात घेतलेली लिंकही स्पॅममध्येच येते. यूट्यूबच्या वर्णनातली लिंक नोफॉलो असते, म्हणजे गूगलने ती शिफारस म्हणून धरू नये अशी खूण तिच्यावर असते. माणसं येतील, पण रँकिंगसाठी तिच्यावर विसंबू नका. तोच व्हिडिओ तुमच्या साइटवर लावून खाली काकांच्या तोंडून लिहून घ्या: घोडीवर तार कुठे टेकते, तारेखालचं सूत कुठे सरकवायचं, पावसाळ्यात जवारी का बिघडते, विमानाने पाठवताना तारा का सैल करायच्या. गाणं शिकवणारे गुरू आपल्या विद्यार्थ्यांना असं पान आपणहून देतात. तुमच्याकडे ते ज्ञान घरात आहे, इतरांना ते शोधत फिरावं लागतं.

पण मला खरा संशय वेगळाच आहे. साइट नवीन केली तेव्हा पानांचे पत्ते बदलले का? बदलले असतील तर जुन्या पत्त्यांवर ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावलं होतं का? सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालात 'टॉप लिंक्ड पेजेस' उघडा आणि एकेक पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा.

धागाकर्ता

पाहिलं. तुमचा संशय खरा निघाला. पत्ते सगळे बदललेत आणि रिडायरेक्ट एकही नाही. सगळ्यात जास्त लिंक आहेत त्या 'तंबोरा कसा निवडावा' या जुन्या पानाला. पुण्यातले एक संगीत विद्यालय, अमेरिकेतल्या दोन गायन शिक्षिका, कर्नाटकातली एक संगीतसभा. यातलं कुणालाच आम्ही कधी सांगितलं नव्हतं. आणि ते पान उघडलं की ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', येतंय. म्हणजे इतके दिवस त्यांचे विद्यार्थी आमच्या दारात येऊन कुलूप बघून परत जात होते.

बाकीच्या पानांची जोडी लावून आज रात्री रिडायरेक्ट टाकतो. अडचण या एकाच पानाची आहे. नव्या साइटवर त्याच्या जोडीचं पानच नाही, साइट करणाऱ्याने ते वगळलं. मजकूर वडिलांनी सांगून मी लिहिला होता, तो माझ्याकडे आहे. तेच पान जुन्याच पत्त्यावर जसंच्या तसं परत ठेवू, की नव्या पत्त्यावर ठेवून जुना तिकडे वळवू?

प्रतिसाद १

जुन्याच पत्त्यावर ठेवा. लिंक तिथेच येतात, मग वळवायचं कशाला? आणि पान नाही म्हणून जुना पत्ता मुख्य पानावर मात्र नेऊ नका, गूगल त्याला ४०४ सारखंच धरतं. काकांचं जवारीचं पान तयार झालं की त्याची लिंक याच पानातून द्या.