निवडणूक नसतानाचा कार्यकर्ता : तुमचे अनुभव लिहा

परवा आमच्या वॉर्डातला एक कार्यकर्ता रस्त्यात दिसला. काखेत कुणाच्या तरी आजोबांचा एक्स-रे, कानाला मोबाईल, आणि मोबाईलवर तो तिसऱ्याच कुणाच्या तरी वीजबिलावरून भांडत होता. निवडणूक आसपास कुठेही नव्हती. या मंडळींना आपण 'सतरंज्या उचलणारे' म्हणतो, किंवा वाढदिवसाच्या बॅनरवर खालच्या रांगेतल्या पासपोर्ट फोटोंत बघतो आणि पुढे जातो. मधल्या चार-पाच वर्षांत ते काय करत असतात, हे फारसं कुणी लिहीत नाही.

म्हणून हा धागा. तुम्हाला कुठे कसा कार्यकर्ता भेटला ते लिहा. स्वतः कार्यकर्ते असाल तर फारच छान. वाईट अनुभवही चालतील, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. अट एकच, पक्षाचं नाव नको. नाव आलं की माणूस बाजूला राहतो आणि भांडण पुढे येतं.

सुरुवात मी करते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मी ऑफिसातून कुर्ल्याच्या दिशेने चालत निघाले होते. पाणी कमरेच्या वर आणि रस्ता कुठला, गटार कुठलं, काही कळत नव्हतं. एका चौकात पाच-सहा पोरांनी विजेच्या खांबापासून समोरच्या दुकानाच्या शटरपर्यंत दोर बांधला होता. एक जण उघड्या मॅनहोलशेजारी बांबू धरून उभा होता, बांबूला लाल ओढणी. "ताई, दोर सोडू नका, उजवीकडे बघू नका." उजवीकडे काय होतं ते मी अजूनही कुणाला विचारलेलं नाही. ती रात्र त्यांच्या पक्षाच्या कार्यालयात काढली. चाळीसेक बायका, एक संडास आणि भिंतीवर नेत्याचा हार घातलेला फोटो. त्या नेत्याला मी कधी मत दिलं नव्हतं, पुढेही दिलं नाही. बांबूवाल्या मुलाचं नावही विचारायचं राहिलं.

माहेर गिरगाव, आता विरार

चाळीत कुणाला रात्री काही झालं की १०८ वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो नंबर नव्हताच. धाकट्या भावाला पक्षाच्या शाखेवर पळवायचं. शाखा रात्रीही उघडी असे, आत कॅरम चालू. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा दोन मुलांनी कॅरमच्या सोंगट्या तशाच टाकल्या, खुर्चीत बसवून बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं आणि गाडी काढली. चाळीचा जिना ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल हे काय काम आहे. पैसे घेतले नाहीत. बाबा वाचले.

आता दुसरी बाजू. पुढच्या महापालिका निवडणुकीत त्यातलाच एक जण चिठ्ठ्या वाटायला आला आणि आईला म्हणाला, "काकू, लक्षात आहे ना?" एवढंच. आई 'हो' म्हणाली, पण तो गेल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विचारलं नसतं तर दिलंच असतं." तिने कुणाला दिलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गोरेगाव, वय वर्षे ७१

तुमची अट मोडते, रागावू नका. मृणाल गोऱ्यांचं नाव न घेता गोरेगावचं पाणी सांगता येत नाही. बाई १९६१ ला नगरसेविका झाल्या, १९७२ ला आमदार. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत ते उगाच नाही. माझी आई त्यांच्यामागच्या शेकडो बायकांतली एक. शिक्षण चौथी.

१९७२ चा दुष्काळ आणि महागाई. रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. त्यात समाजवादी होत्या, कम्युनिस्ट होत्या; मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी. लाटणं घेऊन मोर्चा, थाळ्या वाजवून मोर्चा. आमच्या घरची थाळी पितळेची होती, तिला त्या वर्षी पडलेले पोचे अजून आहेत. आई मोर्चाला निघाली की अण्णा भात लावायचे. पहिल्या दिवशी करपवला, चौथ्या मोर्चापर्यंत जमायला लागला.

पण मला आठवतात त्या मोर्चाच्या आधीच्या संध्याकाळी. आई आणि शेजारची मावशी घरोघर जाऊन वहीत लिहायच्या: या घरी किती माणसं, किती हंडे मिळतात, नळ किती वाजता येतो, किती वाजता जातो. मोर्चाला वर्तमानपत्रात फोटो मिळतो. महापालिकेतला साहेब गप्प बसायचा तो वहीपुढे.

(अट मोडल्याबद्दल माफ करा. अशी वही कुणाकडे असेल तर त्या पानाबद्दल जरूर लिहा.)

रक्तपेढीत २२ वर्षे तंत्रज्ञ, नाशिक

आमचं आणि कार्यकर्त्यांचं नातं फार जवळचं आणि फार वैतागाचं आहे. ते नसते तर आमचे फ्रीज रिकामे राहिले असते, हे आधी कबूल करतो. एका हाकेत दोनशे पोरं झोपवणं आम्हाला कधी जमणार नाही.

वैताग तारखांचा. नेत्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी तालुक्यात सात शिबिरं. आम्ही म्हणतो, साहेब, एवढं घेऊन ठेवू कुठे? तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाच दिवस. पुरुषाने एकदा दिलं की तीन महिने थांबायचं, बाईने चार. म्हणजे ती दोनशे पोरं आमच्या हातून पुढचे तीन महिने गेली. आणि टंचाई येते मे महिन्यात, कॉलेजं बंद, अर्धं गाव लग्नाला, किंवा ऐन दिवाळीत. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना कुणाच्या वाढदिवसापर्यंत थांबता येत नाही.

भेटवस्तू हा दुसरा प्रकार. रक्ताच्या बदल्यात आमिष दाखवायचं नसतं, तरी टिफिन, बॅगा, हेल्मेट चालूच. भेट मोठी असली की माणूस कावीळ लपवतो. ते आम्हाला फॉर्मवर दिसत नाही, पिशवी तपासल्यावर दिसतं आणि पिशवी फेकावी लागते.

एका कार्यकर्त्याला मी हे सगळं चहावर समजावलं. जुना माणूस, पानाची टपरी. त्याने वहीत गावातल्या १४० जणांचे रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहून घेतली. शिबिर बंद केलं. आता मे महिन्यात मी फोन करतो, "ओ निगेटिव्ह दोन." तो दुपारी दोघांना मोटारसायकलवर डबलसीट बसवून आणतो. बॅनर नाही, फोटो नाही. त्याच्या पक्षात यामुळे त्याचं वजन कमी झालं असं तो स्वतः सांगतो. शिबिराचा फोटो वर पाठवावा लागतो ना. दोन माणसांचा काय पाठवणार?

डोंबिवली

आमच्या सोसायटीबाहेर एक बाकडं आहे. त्यावर सौजन्य म्हणून तीन नावं, एकावर एक रंगवलेली. पाठ टेकली की शर्टाला सगळ्यात वरचं लागतं. बाकी सेवेबद्दल मला माहिती नाही.

चिपळूण

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारपेठेत शिरल्या. आमचं दुकान चिंचनाक्याजवळ. पाणी उतरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल, आणि तो नुसता चिखल नव्हे. त्यात डिझेल, सडलेलं धान्य, मेलेली कुत्री.

पहिले दोन दिवस गाड्या आल्या त्या पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं घेऊन. प्रत्येक खोक्यावर स्टिकर. एका गाडीवाल्याने आधी आमचा फोटो घेतला मग खोकं दिलं, त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही शिव्या गाळाल. जुन्या कपड्यांचा तर ढीग झाला, त्यात एक शेरवानीसुद्धा होती.

तिसऱ्या दिवशी घाटावरून पंधरा जणांचा टेम्पो आला. फावडी, घमेली, एक जनरेटर, एक पाण्याचा पंप. टेम्पोवर झेंडा होता, चिखलाने त्याचा रंग कळत नव्हता. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने एकच विचारलं, "वायरिंग बंद केलंय का?" आणि आत शिरले. चार दिवस राहिले, देवळात झोपले. स्वतःचा शिधा आणि स्वतःचा आचारी आणला होता, आमच्यावर चहाचाही भार नाही. मी म्हटलं, इतकं नेमकं कसं सुचलं? तर म्हणे २०१९ ला पुरात आमचंच घर गेलं होतं, तेव्हा आम्हाला लोकांनी ब्लँकेटं दिली, सव्वाशे ब्लँकेटं, आणि फावडं एकाकडेही नव्हतं.

त्यांच्याबरोबर दोन बायका होत्या. त्या दारोदार फिरून फक्त बायकांशी बोलत होत्या. पॅड आणि आतले कपडे हवेत हे तोपर्यंत कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि घरात तीन बायका आहेत.

मराठवाडा, मी स्वतः कार्यकर्ता

वाचून लिहायचा मोह झाला. भाषा सांभाळून घ्या.

माझं काम म्हणजे पिशवी. कापडी पिशवीत दुसऱ्यांची आधार, रेशनकार्डं, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स. तालुक्याला जाणारी सकाळची एसटी धरायची. संजय गांधी निराधारचा अर्ज असला तर वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्नाचा दाखला लागतो. आता बघा, महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात जगणारं माणूस तालुक्याला चार चकरा कशी मारणार? पहिल्या चकरेत तलाठी मीटिंगला, दुसरीत सर्व्हर डाऊन, तिसरीत फोटोवर सही नाही. म्हणून पंधरा जणांचे कागद घेऊन एकटा मी जातो. मंजूर झालं की महिन्याला दीड हजार. मग दरसाल हयातीचा दाखला. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, जन्मभर खुरपून रेषा राहिल्याच नव्हत्या. ती म्हणाली, "मी हाये की समोर, त्याला सांग." मशीनला कोण सांगणार. डोळ्याचं मशीन असलेलं केंद्र शोधायला तीन आठवडे गेले.

मतदार यादीचंही तसंच. नवं नाव घालायला नमुना ६, मेलेल्याचं काढायला ७, दुरुस्तीला ८. सातचा अर्ज भरून घ्यायला घरात जावं लागतं. रडणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव कमी करायचं कसं विचारायचं? मी तेराव्यानंतर महिना सोडतो.

खरं सांगायचं तर मी हे मतासाठीच सुरू केलं. पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं. दोनदा मागितलं, दोन्ही वेळा मुंबईहून गाडी घेऊन आलेल्याला मिळालं. तिसऱ्या वेळी मागितलंच नाही. पिशवी मात्र ठेवता येईना. लोकांचे कागद आहेत ना त्यात.

रेडिंग, इंग्लंड

थोडं लांबचं. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे मतदान करता येतं, हे कळल्यावर मी एका पक्षाची पत्रकं टाकायला लागले. आमचं काम बरंचसं खड्ड्यांचं: कुठल्या रस्त्यावर खड्डा, कुठला दिवा बंद, कुणाचा कचरा उचलला नाही, ते टिपून कौन्सिलला कळवायचं आणि झालं की पत्रकात छापायचं. दाराच्या पत्रपेटीची झडप इतकी कडक की बोटं सोलून निघतात, आत कुत्रा असला तर बोटंच जातील. सगळे स्वयंसेवक लाकडी चमचा वापरतात. मी पुण्याहून आणलेलं उलथणं वापरते.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात, आत जाणाऱ्याचा मतदार क्रमांक विचारून टिपतात. न सांगितला तरी चालतं. पाऊस आला तेव्हा विरोधी पक्षाच्या आजोबांनी छत्री धरली आणि त्यांचा डबा उघडला. सुकी सँडविचं. मी चिवडा काढला. आठवडाभर त्यांच्याबद्दल पत्रकात जे छापून वाटलं होतं ते आठवून जरा ओशाळले.

सांगली जिल्हा, कार्यकर्त्याची बायको

सगळ्यांचं वाचलं. पेट्रोल कोण भरतं, हे कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे मी भरते, ब्लाऊज शिवून. सभेला माणसं न्यायची तर गाडी पक्षाची असते, पेशंट न्यायचा तर आमची. ताट वाढलं की फोन येतो हे ठरलेलं. पहिल्या वर्षी मी रडायचे, आता ताटावर ताट पालथं घालते आणि शिवायला बसते.

बरं, माणूस वाईट आहे असं म्हणावं तर तेही नाही. एकदा मीच आजारी होते तेव्हा गल्लीतल्या सहा घरांतून डबे आले. डबे परत करताना कुठला कुणाचा कळेना.

मध्यंतरी यांनी पक्ष सोडला. नवा धरला, तोही सोडला. आता घरीच आहेत, किराणा दुकान टाकलंय. पण एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर 'अडीअडचणीला फोन करा' लिहून यांचा नंबर रंगवलेला आहे, हातभर मोठ्या आकड्यांत. भिंत दोन पक्षांपूर्वीची. नेत्याच्या तोंडावर कुणीतरी डांबर फासलं, नंबर तसाच राहिला. काल पहाटे साडेतीनला वाजला. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला कळा सुटल्या होत्या.