गाडी चोरीला गेली आणि सुट्या भागांत सापडली : तुमचे अनुभव लिहा

माझ्या धाकट्या भावाची मोटरसायकल ऑगस्ट २०२२ मध्ये हडपसरला, कंपनीच्या गेटबाहेरून चोरीला गेली. अडीच महिन्यांनी पोलिसांचा फोन आला, "गाडी मिळाली आहे, ओळखायला या." भाऊ हेल्मेट घेऊन गेला, येताना चालवत आणायची म्हणून. भंगारच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याला टाकी एका कोपऱ्यात दिसली, चाकं दुसऱ्या कोपऱ्यात, इंजिन पोत्यात आणि चासीचे गॅसकटरने केलेले तीन तुकडे. टाकीवर आईने लावलेला गजानन महाराजांचा स्टिकर होता, म्हणून ओळख पटली.

चोरणारा पोरगा १९ वर्षांचा. त्याच्यावर भारतीय दंड विधानाचं कलम ३७९ लागलं, दुकानदारावर ४११. चोरीच्या गाड्या कापण्याचा अड्डा चालवणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा असेल, असं मी धरून चाललो होतो. तसं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ३७९ चं ३०३(२) झालं आणि ४११ चं ३१७(२). पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दोन्हीकडे तीन वर्षांचीच राहिली. चोरणारा आणि कापणारा एकाच मापाने मोजले जातात, हे मला मनापासून खटकतं. शेड नसतं तर त्या पोराने ती गाडी नेऊन केलं काय असतं?

ज्यांची गाडी अशी गेली, ज्यांना गॅरेज, विमा, कोर्ट, पोलीस यांपैकी कुठल्याही बाजूने हे जवळून दिसलं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ठाण्यांची, दुकानांची, माणसांची नावं नकोत.

गॅरेजवाला, कोल्हापूर

बावीस वर्षं दुचाकीचं काम करतोय. आमच्या धंद्यात सेकंडहँड माल लागतोच, त्याशिवाय गरीब गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर येत नाही. २०१४ ला एक पोरगं हाफ इंजिन घेऊन आलं. म्हणालं, मामाची गाडी ॲक्सिडेंटमध्ये गेली. मी दोन हजाराला घेतलं. तीन आठवड्यांनी पोलीस त्याच पोराला घेऊन दारात. पंचनामा झाला, इंजिन जप्त, आणि मला दोन दिवस ठाण्यात बसवलं. बायकोने भावाला बोलावून वकील केला.

साहेबांनी मला एकच विचारलं, "हेच इंजिन बाजारात केवढ्याला मिळतं?" मी खरं सांगितलं, आठ-नऊ हजार. ते म्हणाले, "मग दोन हजारात देतोय म्हटल्यावर तुला शंका यायला नको होती काय?" कायद्यात तेच आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असलं तरी गुन्हा, आणि चोरीचा आहे असं मानायला कारण असलं तरीही गुन्हा. भाव हेच ते कारण.

तेव्हापासून वही ठेवलीय. कोण आला, आरसीची झेरॉक्स, इंजिन नंबरचा फोटो, सही. नंबरावर कानस मारलेली दिसली की मी हातच लावत नाही. गल्लीतले दोघंतिघं म्हणतात, एवढं कशाला? त्यांनी ठाण्यातल्या बाकावर दोन रात्री काढलेल्या नाहीत.

व्हॅनवाल्या ताई, नाशिक

आमची शाळेच्या मुलांची ईको व्हॅन. २०२१ मध्ये शाळा बंद होत्या, गाडी सोसायटीच्या बाहेर उभी असायची. एका सकाळी यांनी गाडी चालू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सर गायब. त्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या तीन ईकोंचं हेच झालं.

सायलेन्सरचं भंगार किलोवर जातं, त्यासाठी कोण रात्री गाडीखाली शिरेल, हे मला कळेना. मग कळलं की आत जाळीदार सिरॅमिकचा गट्टू असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. गट्टू फोडून ती भुकटी विकतात. एकदा भुकटी झाली की कोणाच्या गाडीची, हे देवालाही सांगता येणार नाही.

ठाण्यात "एवढ्याशा पार्टसाठी एफआयआर कशाला, अर्ज देऊन जा" असं सांगितलं. मी तीन तास बसले आणि एफआयआर घेऊनच उठले. पार्ट गेला तरी ती चोरीच आहे, आणि चोरी तेव्हाच्या कायद्यात दखलपात्र गुन्हा होता. नवा सायलेन्सर घ्यायला आम्ही पतपेढीतून कर्ज काढलं. आमचं त्या वर्षीचं उत्पन्न शून्य होतं.

निवृत्त सरकारी वकील

धागाकर्त्यांची खंत रास्त आहे, पण कायदा अगदीच रिकामा नाही. पूर्वीचं कलम ४१३ आता ३१७(४) आहे. चोरीच्या मालाचा सवयीने व्यवहार करणाऱ्याला त्यात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल लपवायला, विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यासाठी ३१७(५). वाहनचोरी संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्येही नाव घेऊन घातलेली आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून मोक्काही आहे. मात्र तो लावायचा तर आधीच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रं असावी लागतात, आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी.

अडतं ते पुराव्यापाशी. मी चालवलेल्या खटल्यांत आरोपी सुटले त्याचं पहिलं कारण होतं ओळख. चासी आणि इंजिन यांवर नंबर असतो. दरवाजा, डिकी, शॉकॲब्सॉर्बर, सीट यांच्यावर मालकाचं नाव सांगणारं काही नसतं. बचाव पक्ष विचारतो, "असे दरवाजे शहरात किती असतील?" साक्षीदाराकडे उत्तर नसतं. तुमच्या भावाच्या टाकीवरचा तो स्टिकर म्हणूनच फार मोलाचा. त्याचा फोटो पंचनाम्यात आहे का, हे जरूर पाहा.

दुसरं कारण पंच. बहुतेक वेळा चहाच्या टपरीवरून आणलेले, चार वर्षांनी फितूर होतात.

जमेची बाजूही सांगतो. नंबर कानशीने घासला तरी ठोकताना खालचा धातू दबलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्ल लावलं की अंक पुन्हा उमटतात. एका केसमध्ये सतरापैकी चौदा अक्षरं वाचता आली आणि तेवढी पुरली. शिवाय चोरीनंतर लगेचच माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि ज्याला खुलासा देता येत नाही, तो चोर किंवा माल घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्यात हे ११४ व्या कलमात होतं, नव्या साक्ष अधिनियमात ११९ मध्ये आहे. सगळा भर त्या 'लगेच'वर असतो. अडीच महिने लगेच की उशीर, यावर मी तासभर युक्तिवाद केलेला आहे.

माजी सुभेदार, सातारा

मेरठ छावणीत माझी तीन वर्षं पोस्टिंग होती. सोतीगंज हा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तिथून जवळच. जुन्या जीपचा गिअरबॉक्स हवा, मिळेल. कालची गाडी आज सुटी होऊन दुकानात, असं तिथली माणसं उघड बोलायची. दिल्लीतून गेलेल्या गाड्या तिथे पोचायच्या, हे सगळ्या उत्तर भारताला ठाऊक होतं आणि बाजार तरी भरत होता.

बदलून आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाल्याची बातमी वाचली. कसा झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं चोरांना पकडून नाही. दुकानदारांकडे मालाच्या खरेदीची कागदपत्रं मागितली आणि उत्तर प्रदेशच्या १९८६ च्या गँगस्टर कायद्याच्या कलम १४(१) खाली त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या. आत-बाहेर करायची त्यांना सवय होती, पण घरावर नोटीस चिकटली तेव्हा हात थांबले.

मात्र तिथे वर्षानुवर्षं पाना चालवणारी पोरंही होती. मोटारीतलं सगळं ज्ञान असलेली. त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

विमा सर्व्हेअर, ठाणे

एक प्रकार इथे कोणी लिहिला नाही. अपघातात गाडी टोटल लॉस होते, म्हणजे दुरुस्तीपलीकडे जाते. सांगाडा आणि कागद भंगारात विकले जातात. घेणाऱ्याला सांगाडा नको असतो, चासी नंबर हवा असतो. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, मेलेल्या गाडीचा नंबर तिच्यावर चढवायचा आणि साळसूद कागदांसह विकायची.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करा. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार चालणाऱ्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देता येते. ते आधी पोलिसांच्या चोरीच्या नोंदी तपासतात आणि गाडी मोडल्याचा दाखला देतात. भंगारवाला दोन-चार हजार जास्त देईल, पण तुमच्या नावाची गाडी पुढे कुठे फिरेल, हे तुमच्या हातात राहणार नाही. जुनी गाडी घेताना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत चोरीची नोंद आहे का, तेही पाहता येतं.

सॅन होजेहून

इथे कॅलिफोर्नियात वाहन संहितेचं कलम १०८०१ थेट चोरीच्या गाड्या कापण्याच्या अड्ड्यासाठीच आहे. जाणूनबुजून तो चालवणाऱ्याला दोन, तीन किंवा चार वर्षं कैद, किंवा ५०,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तर १९९२ पासून पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही आमच्या गाडीखालचा कन्व्हर्टर, म्हणजे तो गट्टू असलेला भाग, २०२२ मध्ये गेलाच, नाशिकच्या ताईंसारखाच. त्याच वर्षी राज्याने हे पार्ट कोणाकडून विकत घेता येतील यावर बंधनं आणणारे कायदे केले. मला ते जास्त कामाचे वाटतात, कारण ते गिऱ्हाइकाला अडवतात.

धागाकर्ता

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच भावाला फोन केला. त्याने पंचनाम्याची प्रत काढली. त्यात लिहिलंय, 'काळ्या रंगाची पेट्रोल टाकी, एक नग'. स्टिकरचा उल्लेख नाही, फोटोही नाही. इंजिन आणि टाकी कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर परत मिळाली आहेत, विकायची नाहीत, बोलावल्यावर हजर करायची या हमीवर. ती घरीच आहेत, गॅलरीत, गोणपाटात. आईला सांगितलंय, टाकी पुसू नकोस, स्टिकरला हात लावू नकोस. पुढची तारीख १९ ला आहे. त्या दिवशी ती टाकी कोर्टात न्यायची का, आणि त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो का, एवढं सांगाल?