मदत हवी आहे: पाण्यात उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. गाडी २०१५ची, कॉमन रेल डिझेल, १ लाख १२ हजार किलोमीटर. पंधरा दिवसांपूर्वी रात्रभराच्या पावसात पार्किंगमध्ये पाणी भरलं, गाडीत पायाजवळचं कार्पेट बुडालं. एअर फिल्टर कोरडा होता. बॅटरी सोडवली, कार्पेट काढून चार दिवस वाळवलं. आता सेल्फ नीट मारतो, पण गाडी उचलत नाही आणि मीटरमध्ये किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. एअरबॅग आणि मीटरचं मॉड्यूल वाचता येतं, त्यात यू०१०० कोड आहे, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटल्याचा. ईसीएम मात्र उत्तरच देत नाही. त्यांचं म्हणणं, ईसीएम गेला, नवा ६२ हजारांचा, कोडिंगचे पैसे वेगळे. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी भंगारातून त्याच पार्ट नंबरचा ९ हजारांत आणून देतो, लावला की चालू, असं सांगितलं.

मला पटत नाही ते हे की ईसीएम बॅटरीच्या शेजारी उंचावर आहे. पाणी तिथवर आलंच नव्हतं. फ्यूज, मेन रिले, अर्थिंग तपासलं, ईसीएमच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) १२.४ व्होल्ट येतात. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, रोज रिक्षा परवडत नाही. भंगारातला घेऊ का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

दादा, अजून एक रुपयाही देऊ नका. भंगारातला नुसता लावून गाडी चालू होणार नाही. किल्लीतली चिप, इमोबिलायझर (चोरीपासून गाडी रोखणारी यंत्रणा) आणि ईसीएम यांची ओळख एकमेकांशी बांधलेली असते. परका ईसीएम ती ओळखत नाही, डिझेल सोडत नाही, आणि तुम्हाला हाच लुकलुकणारा दिवा दिसत राहील. शिवाय प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो, तोही ईसीएममध्ये भरावा लागतो. जुन्यातला फ्लॅश आणि ईईप्रॉम (म्हणजे त्याची मेमरी) पूर्ण वाचून दुसऱ्यात उतरवला (क्लोनिंग म्हणतात ते हेच) तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. फक्त लिहिताना व्होल्टेज पडलं तर चांगला ईसीएमही हातचा जातो, म्हणून स्थिर सप्लाय असलेल्या माणसाकडेच करा.

पण ही सगळी पुढची गोष्ट. बॅटरी सोडवून ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. कॅनच्या, म्हणजे गाडीतली मॉड्यूलं ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, त्यातला एक बहुतेक गाड्यांत ईसीएममध्येच. दोन्ही जागेवर असतील तर मीटर ६० दाखवेल, एकच सापडला तर १२०च्या आसपास.

धागाकर्ता

११८ आले! कपलर काढला तरी ११८च. मग वायरिंगच्या नकाशावरून पिन शोधून ईसीएमच्या स्वतःच्या कॅन पिनांवर मोजलं, १२१. कपलरच्या बाजूने मात्र काहीच नाही, सर्किट उघडं.

प्रतिसाद

म्हणजे ईसीएममधला रेझिस्टर शाबूत आहे, वायर मधे तुटली आहे. कार्पेट जिथे बुडालं होतं तिथून हार्नेसची (वायरींच्या गुच्छाची) टेप उघडत जा. सप्लाय येतो पण बोलणं होत नाही, तेव्हा स्कॅनरला ईसीएम मेलेला आणि वायर तुटलेली हे दोन्ही सारखंच दिसतं. कॅनच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, जोडताना तो पीळ लागेल तेवढाच सोडा.

धागाकर्ता

ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळ जोडणी सापडली, आत हिरवी बुरशी धरून तांबं खाल्लं होतं. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियननी कुजलेला भाग कापून सोल्डर केलं. पोर्टवर ६० आले, आणि बॅटरी लावल्यावर पहिल्याच सेल्फला गाडी उचलली! कोड पुसले, यू०१०० परत आला नाही. कसे आभार मानू कळत नाही. काल बाबांना त्याच गाडीतून नेऊन आणलं.

एक विचारायचं राहिलं. त्याच गुच्छात आणखी दोन जोडण्या हिरवट दिसतात आणि एक पिवळा कपलर आहे. तोही उघडून साफ करू का?

प्रतिसाद

पिवळा एअरबॅगचा असतो. त्याला मल्टिमीटरही लावू नका, ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्या. बाकीच्या दोन बॅटरी सोडवून साफ करा, आणि कार्पेटखालचा फोम दाबून बघा, तो आतून अजून ओला असणार.