बापूंच्या नावानं गाडी घ्यायलोय, शोरूमवाला १ टक्का टीसीएस मागायलाय, द्यावा का?

रेणापूरचा_बाळू:
बापूंची शेती, ऊस अन् सोयाबीन. एक्स-शोरूम १२ लाख ६० हजाराची पेट्रोल गाडी बघितली, चार मीटरच्या वरची, कारण बापूंना मागं पाय मोकळे पाहिजेत. कोटेशनात खाली १२,६०० टीसीएस. विचारलं तर म्हणला लक्झरी टॅक्स हाय, भरावाच लागतो. आधीच ४० टक्के जीएसटी, वर आरटीओ, मग हे कामून? बापूंनी जन्मात रिटर्न भरलं नाही.

औसेकर_हिशोबनीस:
त्यानं अर्धंच सांगितलं बाळूभाऊ. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं आधीच गोळा केलेला इन्कम टॅक्स, तो खर्च नाही, बापूंच्या पॅनवर जमा राहतो. किंमत १० लाखाच्या वर गेली की पूर्ण रकमेवर १ टक्का, नुसत्या वरच्या २ लाख ६० हजारावर नाही. परत मिळतो पण रिटर्न भरून मागितला तरच. शेतीचं उत्पन्न ५ हजाराच्या वर असलं की रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरा, त्याआधी २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, रक्कम दिसतीय का बघा, अन् बँक खातं बापूंच्याच नावाचं द्या, तुमचं नाही. पॅन आधारला लिंक नसलं तर मात्र १ चे ५ टक्के, म्हणजे ६३ हजार कापतेत.

परभणीचा_पाव्हणा:
४० चं काय रडायलात, २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी असल्या गाड्यांना सेस, म्हणजे जीएसटीवरचा जादा कर, धरून ४५ ते ५० टक्के लागायचा. तरी १२.६० मधले ३.६० लाख जीएसटीचेच हायेत म्हणा. माझं ऐकाल तर चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल घ्या, १८ टक्केच, अन् १० लाखात बसली तर टीसीएसची कटकटच नाही.

रेणापूरचा_बाळू:
बापू सहा फुटी हायेत दादा, छोटीत बसवून बघितले, गुडघे छातीला.

लोहेकर:
घड्याळ, गॉगल, पर्स, घोडा ह्यालाबी १० लाखावर टीसीएस लागतोय म्हणे २०२५ पासून. आमच्या माळेगावच्या यात्रेत घोडा घेतला तर?

औसेकर_हिशोबनीस:
रेसक्लबात पळणारा किंवा पोलोचा घोडा असंल तरच 😄 वरातीचा असंल तर खुशाल घ्या.

रेणापूरचा_बाळू:
बापूंचं पॅन काढलं कपाटातून. आडनावाचं स्पेलिंग आधारवर वेगळंच हाय, लिंक व्हायनाच. बुकिंग थांबवलंय, उद्या आधी सेतूवर जातो.